एआयच्या वर्षाचा आढावा घेताना घ्यावयाची काळजी

वर्ष सरत आलं की सोसायटीच्या गणपती मंडळापासून ज्येष्ठ नागरिक संघापर्यंत सगळ्यांना '२०२५ : एआयची घोडदौड' या विषयावर वक्ता हवा असतो. तो तुम्हीच व्हा. पात्रता लागत नाही, जाकीट लागतं.

सुरुवात आकड्यांनी करा. डीपसीक या चिनी एआयच्या धसक्याने २७ जानेवारीला एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं सुमारे ५९ हजार कोटी डॉलरचं बाजारमूल्य एका दिवसात उडालं, हे सांगून 'फुगा फुटला' म्हणा. पुढच्याच वाक्यात तीच कंपनी ऑक्टोबरात ५ लाख कोटी डॉलरवर पोचली असं सांगा आणि 'मी म्हणालोच होतो' अशा नजरेने सभागृहाकडे बघा. ५९ हजार कोटी म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही.

जुलैत चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय आणि गूगल डीपमाइंडच्या एआय मॉडेलांनी शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडची ६ पैकी ५ गणितं सोडवून सुवर्णपदकाची पातळी गाठली, हे छाती फुगवून सांगा. जणू शिकवणी तुम्हीच घेतली होती. सहावं गणित काही शाळकरी पोरांनी सोडवलं, ते मात्र सांगत बसू नका. टाळ्या थांबतात.

तक्ते हवेतच. ते कसे काढावेत, याचा आदर्श ७ ऑगस्टला जीपीटी-५ या आपल्या नव्या मॉडेलच्या अनावरणात खुद्द ओपनएआयने घालून दिला. त्यात ५२.८ चा खांब ६९.१ च्या खांबापेक्षा उंच होता, आणि ६९.१ व ३०.८ हे दोघे खांद्याला खांदा लावून उभे! आमच्या वेळी दहावीच्या भूमितीत असं काढलं असतं तर मास्तरांनी वही भिरकावली असती. इथे कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी चूक झाली म्हटलं आणि विषय संपला. तेव्हा पट्टी घरीच ठेवा.

एप्रिलचा किस्सा जपून सांगा. चॅटजीपीटी एका अपडेटनंतर वाट्टेल त्या गोष्टीवर 'वा, काय कल्पना!' करू लागला. कंपनीला ते काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे हाच गुण असलेल्याला महामंडळ मिळतं. हे मनात ठेवा, अध्यक्ष शेजारीच बसलेले असतात.

संदर्भांची चिंता नको. ऑस्ट्रेलियात एका बड्या सल्लागार कंपनीने सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले, आणि तिला काही पैसे परत करावे लागले. तुम्हाला मानधनात शाल-नारळच मिळणार. परत काय मागणार?

मग भारताकडे वळा, अभिमानाने. एअरटेलने पर्प्लेक्सिटी हे एआय फुकट दिलं, जिओने गूगलचं जेमिनी फुकट दिलं, आणि आपण एआयचं सामर्थ्य लावलं ते शिफॉनच्या साडीतले स्वतःचे फोटो बनवून घेण्यात. याला 'तंत्रज्ञानाचं लोकशाहीकरण' म्हणायचं. फुकट ते पौष्टिक असतंच, पण आपला विदा (डेटा) कुठे गेला, हा प्रश्न चहाच्या वेळेवर ढकला.

शेवटी नोकऱ्या. 'नोकऱ्या जाणार नाहीत, त्यांचं स्वरूप बदलेल,' एवढं म्हणा आणि पाणी प्या. जुलैत टीसीएसने १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, पण कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत, असं सांगितलं. तुम्हीही तेच सांगा. मागच्या रांगेत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एखादा मुलगा बराच वेळ हात वर करून बसलेला दिसेल. तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू करायला सांगा.