गोळी हवी? आधी अंथरूण धरा

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिलीय. रोज एक, जन्मभर. ती गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेच्या कार्डावर बसते का, हे तुम्हाला शोधायचंय. छान. फक्त कुणाला सरळ विचारू नका. सरळ उत्तर मिळालं तर उरलेली सकाळ कशी घालवणार?

आधी कार्ड शोधा. ते घरपट्टीच्या पावत्यांखाली, गणपतीच्या माटोळीची दोरी ठेवलेल्या पिशवीत असतं. मग हिशेब मांडा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघं किंवा त्याहून जास्त असाल तर चार लाख. दहा गोळ्यांची पट्टी शंभराला धरली, तर चार लाखांत 40 हजार गोळ्या, म्हणजे 109 वर्षांची बेगमी. आणि ही रक्कम दरवर्षी नव्याने! एवढ्या गोळ्या ठेवायच्या कुठे, या विचारानेच रक्तदाब चढेल.

आता खिडकीवर जा. कुठल्या ते सांगत नाही. मी मावशीला घेऊन गेलो होतो. योजना 2016 साली सुरू झाली ती 447 उपचारांची यादी घेऊन, म्हणून मावशी चष्मा पुसून तयारीनेच आली होती. ''माझी गोळी कुठल्या पानावर रे, बाबा?''

''मावशी, अ‍ॅडमिट आहात?''

''छे! बसने आले.''

''मग?''

त्या 'मग?'मध्ये अख्खी योजना आली. खर्च मिळतो तो इस्पितळात दाखल झालेल्याचा. स्वतःच्या पायांवर उभं राहून गोळी मागणारा माणूस धडधाकट समजला जातो. ''आणि अ‍ॅडमिट झाले तर?'' मावशीने विचारलं. ''तर बघता येईल.'' हे ऐकून तिने समोरच्या बाकाची लांबी अशी काही नजरेने मोजली, की मी पटकन तिचा दंड धरला.

हिरमुसू नका, केंद्र सरकारची आयुष्मान ही आरोग्य योजना आहे. सत्तरी गाठलेल्यांना 2024 पासून उत्पन्न न बघता कार्ड, पाच लाखांचं. त्यात दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस औषधांचा खर्च धरतात. तुम्ही फक्त रक्तदाबाला बजावायचं, बाबा रे, काय चढायचं ते या पंधरवड्यात चढून घे.

कारखान्यात नोकरी असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा बघा. तिथे खाटेवर न झोपताही औषध मिळतं. पण पगार 21 हजारांच्या आत हवा. तेव्हा शेटने पगारवाढीचा विषय काढला की हात जोडा, म्हणा, ''नको हो, गोळी चालू आहे.''

एक धोका मात्र टाळा. चिठ्ठीवरच्या कंपनीच्या नावाखाली टेल्मिसार्टन असं औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात दिसलं, तर जनऔषधीच्या दुकानाकडे फिरकू नका. तीच गोळी तिथे इतकी स्वस्त मिळते, की तक्रारीला जागाच उरत नाही. आरोग्य केंद्रातही डोकावू नका. साठा असला तर फुकटच हातावर ठेवतील. मग पुन्हा खिडकीवर कुठल्या तोंडाने जाणार?

आम्ही परतलो तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. नाक्यावरच्या फार्मसीवाल्याने शटर ओढलेलं, तो चारपर्यंत आडवा. ''हा बघ, याला बरोबर कळलंय,'' मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरची जुनी खाट उतरवून अंगणात उन्हाला टाकली होती. पाहुणे यायचेत का, असं मी विचारलं.

''नाही रे. कार्डाची तयारी.''