घोडागाडीतले सज्जन

मराठी वाचकांत एक वाद अधूनमधून पेटतो आणि परदेशात राहणारे आम्हीही त्यात हिरिरीने उतरतो. अभिजात म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या कथा आजच्या मुलांच्या हाती द्याव्यात की नाहीत, हा तो वाद. त्या संस्कार करतात म्हणून द्याव्यात, असे एक पक्ष म्हणतो. त्यांतले संस्कार कालबाह्य झाले आहेत म्हणून देऊ नयेत, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. मी राहतो त्या देशात संस्कारांचा शब्द कोणी काढत नाही, पण त्याच्या जागी सहानुभूती आहे. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो या मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत असा निष्कर्ष मांडला होता, की साहित्यिक मूल्य असलेल्या कथेचा थोडासा भाग वाचूनही दुसऱ्याच्या भावना ओळखण्याची क्षमता वाढते. पुढे इतर संशोधकांना त्याच पद्धतीने तो परिणाम आढळला नाही. वाचनाची महती सांगताना मात्र या पुढच्या भागाचा उल्लेख सहसा होत नाही.

दोन्हीकडे गृहीत एकच आहे: कथा वाचून माणूस चांगला होतो, किंवा व्हायला हवा. मला हे गृहीतच चुकीचे वाटते, कारण श्रेष्ठ कथांतला फार मोठा भाग आपण चांगलेच आहोत अशी खात्री असलेल्या माणसांच्या वर्तनाविषयी आहे.

फ्रेंच कथाकार मोपासांची ‘बूल द स्वीफ’ ही १८८० सालची कथा घ्या. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धात शत्रूने व्यापलेल्या रुआं शहरातून दहा प्रवासी घोडागाडीने निघतात. त्यांत सरदार आहे, कारखानदार आहे, दारूचा व्यापारी आहे, त्या तिघांच्या बायका आहेत, दोन ख्रिस्ती जोगिणी आहेत, कॉर्न्यूदे नावाचा लोकशाहीवादी आहे आणि एक वेश्या आहे. बर्फात वाट अडते, सगळे भुकेने व्याकूळ होतात, आणि खाण्याची टोपली फक्त त्या वेश्येजवळ असते. ती सर्वांना खाऊ घालते. पुढच्या मुक्कामी प्रशियन अधिकारी गाडी अडवतो आणि तिने आपल्याशी संग केल्याशिवाय कोणालाही जाऊ देणार नाही, असे सांगतो. ती नकार देते, आणि तिच्या देशाभिमानाचे कौतुक आधी सगळे करतात. मग दिवस वाया जाऊ लागतात, आणि इतिहासातल्या त्यागी स्त्रियांचे दाखले निघतात, तर हेतू शुद्ध असला की कृत्य क्षम्य ठरते असा निर्वाळा थोरली जोगीण देते. वेश्या शेवटी कबूल होते. दुसऱ्या दिवशी गाडीत प्रत्येकाजवळ शिदोरी असते आणि घाईत काही न घेता निघालेल्या तिला कोणी घासभरही देत नाही.

यातल्या एकालाही दुष्ट म्हणता येत नाही. प्रत्येकाजवळ पटण्याजोगे कारण आहे, आणि ते दुसऱ्याच्या कारणाला टेकून उभे आहे. ‘सर्वांच्या हितासाठी’ एकाने सोसावे, हा विचार सुशिक्षितांच्या तोंडी किती सहज येतो, हे समजून घ्यायला मला समाजशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा ही कथा अधिक उपयोगी पडली. त्यातही माझे लक्ष कॉर्न्यूदेवर खिळते. जे घडले ते नीचपणाचे होते, हे एकटा तोच बोलून दाखवतो. पण त्याने ते थांबवलेले नसते, आणि शेवटी ती रडत असताना तो आपली अंडी खाऊन क्रांतीचे गीत गुणगुणतो. मायदेशातल्या प्रत्येक वादावर दूरवरून अचूक मत देणाऱ्या आम्हा मंडळींना हे पात्र जवळचे वाटायला हवे. आमच्या मताची किंमत आम्हाला मोजावी लागत नाही.

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा जून १९४८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात छापून आली. एका नीटनेटक्या गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढून एका माणसाला दगडांनी ठेचून मारले जाते, एवढीच गोष्ट. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. जॅक्सन यांनी पुढे सांगितले, की अशी सोडत कुठे निघते आणि ती पाहायला जाता येईल का, असे विचारणारेही त्यांत होते. वाचनाने सहानुभूती वाढते असे म्हणणाऱ्यांनी या पत्रलेखकांचा विचार करावा.

मायदेशातल्या दुसऱ्या पक्षालाही एका कथेची आठवण करून द्यावीशी वाटते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून भाड्याची जागा मिळवतो, आणि ती कळताच त्याला मारहाण होते. ‘आता जुनी झालेली परिस्थिती’ म्हणून ती बाजूला ठेवणे सोयीचे आहे. परदेशात घर भाड्याने घेताना घरमालक माझी जात विचारत नाही, ही गोष्ट खरी. पण आपल्याच लोकांच्या पहिल्या भेटीत आडनावानंतर ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतो, आणि त्या उत्तरावर पुढचे बोलणे किती मोकळे होणार हे ठरताना मी पाहिले आहे. मारहाण होत नाही, आमंत्रणे थांबतात. विचारणारे सभ्य असतात, वाचणारेही असतात, आणि बागुलांची ही कथा त्यांतल्या काहींच्या संग्रहीही आहे.