लिफ्ट केलेल्या थारला बसवलेल्या २७५/७० आर १८ टायरबद्दलच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार सर,

आपला अभिप्राय मी दोनदा नीट वाचला. लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन वाढवून उंच केलेल्या थारला आम्ही २५५/६५ आर १८ या मूळ आकाराच्या जागी त्याहून मोठे २७५/७० आर १८ टायर बसवून दिले, ते वळणावर आणि खड्ड्यात घासतात, गाडी दणके देते, अ‍ॅव्हरेज १२ वरून १० वर आले, आणि सुरुवातीला आम्ही दुकानात पडून असलेला लहान टायर आपल्या गळ्यात मारू पाहत होतो, असे आपण लिहिले आहे. यांतील पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत आणि तो दोष आमचा आहे. उरलेल्या दोन्हींबद्दल माझे म्हणणे वेगळे आहे, ते कारणांसह मांडतो.

आधी घासण्याबद्दल. आपण गाडी परत आणली त्या दिवशी पुढच्या डाव्या चाकामागचे लायनर (मडगार्डच्या आतले प्लास्टिकचे अस्तर) मी स्वतः टॉर्च लावून पाहिले. वाळलेल्या काळ्या मातीच्या थरात दोन बोटे रुंदीचा पट्टा घासून गुळगुळीत झाला होता आणि टायरच्या खांद्याकडच्या नक्षीच्या कडांना रबराची कुसळे निघाली होती. गाडी ताब्यात देण्यापूर्वी आम्ही ती सपाट फरशीवर उभी करून दोन्ही बाजूंना फुल लॉक करून, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून पाहिली होती. तेव्हा बोटभर जागा मोकळी दिसली आणि तेवढ्यावर आम्ही समाधान मानले, हे चुकले. लिफ्टमुळे उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरपूर जागा दिसते. पण बंप स्टॉप (चाकाला ठरावीक उंचीच्या वर येऊ न देणारे रबरी अडथळे) मूळ जागीच असतील, तर स्प्रिंग पूर्ण दबल्यावर चाक पूर्वी जिथपर्यंत वर येत होते तिथपर्यंतच येते, आणि त्याच क्षणी स्टिअरिंग वळवलेले असेल तर मोठा टायर लायनरला लागणारच. त्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढवून, गाडीत माणसे बसवून, मग फुल लॉक करून पाहायला हवे होते. आता प्रत्येक लिफ्ट केलेल्या गाडीची तपासणी आम्ही अशीच करतो.

दणक्यांचे कारण हवा होती. टायर रिमवर नीट बसावा म्हणून सुरुवातीला जास्त हवा भरावी लागते. ती नंतर उतरवायची आमच्याकडून राहून गेली. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजली, तेव्हा चारही चाकांत ४२ पीएसआय निघाले. दारावरच्या स्टिकरवरील आकडा मूळ टायरसाठी असतो, म्हणून मोठ्या टायरला योग्य हवा किती हे आम्ही खडूने ठरवतो: नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढायची, गाडी सरळ रस्त्यावर थोडी चालवायची आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहायचे. फक्त मध्यभागी पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. आपल्या टायरवर रेघ मधोमध पुसली गेली होती आणि दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा होता. नागपूरच्या उन्हात चालून आलेल्या टायरमधली हवा मोजून ती कमी करू नये, कारण तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्तच दिसतो, ही विनंती मात्र सर्वांनाच आहे.

आता अ‍ॅव्हरेज. २५५/६५ आर १८ चा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर आणि २७५/७० आर १८ चा सुमारे ८४२, म्हणजे जवळपास पावणेसात टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण ओडोमीटर जुन्याच हिशेबाने मोजत राहतो. मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी सुमारे १०७ किलोमीटर गेलेली असते, त्यामुळे आपले १० चे अ‍ॅव्हरेज प्रत्यक्षात १०.७ च्या आसपास आहे. उरलेली घट खरी आहे. टायर जड आहे, त्याची नक्षी खोल आहे आणि गिअरिंग तेवढ्याच प्रमाणात लांबल्यामुळे, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडीला जास्त अंतर न्यावे लागत असल्यामुळे, पिकअपही मंदावतो. स्पीडोमीटरही याच प्रमाणात कमी वेग दाखवतो, हे वर्धा रोडवर कृपया लक्षात ठेवावे. हा सगळा हिशेब गाडी देण्यापूर्वी कागदावर लिहून द्यायला हवा होता. आम्ही तो फक्त तोंडी सांगितला.

लहान टायरबद्दलचा आरोप मात्र मला मान्य नाही. मी सुचवलेला २६५/६५ आर १८ आमच्याकडे शिल्लक नव्हताच. दोन्ही आकार बाहेरूनच मागवावे लागणार होते आणि चार दिवस त्यातच गेले. ही गाडी रोज बुटीबोरीला जाते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी कच्च्या रस्त्यावर उतरते, असे आपण सांगितले होते, म्हणून तो आकार सुचवला. त्याचा व्यास ८०२ मिलिमीटर आहे. मीटरचा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत राहतो आणि ब्रेक, स्टिअरिंग व बेअरिंग यांच्यावरचा भारही फारसा वाढत नाही. मोठ्या टायरचा एक फायदा खरा आहे. लिफ्टने बॉडी उचलली जाते, पण मागचा डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलवरचा, खाली लोंबणारा गिअरचा डबा) टायर मोठा केल्याशिवाय वर येत नाही. २७५/७० ने तो सुमारे २७ मिलिमीटर वर आला, २६५/६५ ने साडेसहाच आला असता. दगडधोंड्यांत रोज जाणाऱ्या माणसाला मी २७५/७० च दिला असता. आपल्या वापराला तो योग्य नाही असे मला वाटत होते. ते मी आग्रहाने सांगितले नाही, याची खंत आहे.

आपल्यासमोर दोन पर्याय ठेवतो. चारही टायर आणि स्टेपनी आम्ही पूर्ण किमतीत परत घेऊ व २६५/६५ बसवून देऊ. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसे घेणार नाही. स्टेपनीही त्याच आकाराची हवी, कारण फोर बाय फोरमध्ये एक चाक वेगळ्या व्यासाचे असले की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. २७५/७० च ठेवायचे असतील, तर बंप स्टॉप वाढवून आणि स्टिअरिंगचे स्टॉप थोडे आत घेऊन, म्हणजे चाके पूर्वीपेक्षा थोडी कमी वळू देऊन घासणे आम्ही विनाशुल्क थांबवू. मात्र गाडीला वळायला जास्त जागा लागेल आणि सीताबर्डीच्या गर्दीत ते आपल्याला जाणवेल. लायनर कापून जागा करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण पावसाळ्यात सगळा चिखल थेट वायरिंगवर जातो. लिफ्टचे काम आपण दुसरीकडे केले आहे, तरी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलांवर निर्बंध आहेत, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनीकडे एकदा चौकशी करून घ्यावी.

गाडी सकाळी, टायर थंड असताना आणावी. तपासणीच्या वेळी मी स्वतः हजर राहीन आणि एक चाक उंचवट्यावर चढवलेले असताना स्टिअरिंग आपणच फिरवून पाहावे, अशी माझी विनंती आहे.