‘नरबळी देणारे, स्वप्नं विणणारे बागोबो’: फिरत्या मजकुरातलं खरं किती, उसनं किती

फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावरच्या बागोबो लोकांबद्दल एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा वर येतो. मण्यांच्या माळा घातलेल्या माणसांचा जुना फोटो आणि खाली चार-पाच विधानं. आपो पर्वतावर जगापासून तुटून राहणारी ही एक जमात. हे लोक नरबळी देतात. यांच्या बायका स्वप्नात दिसलेली नक्षी केळीच्या सालीच्या कापडावर उतरवतात. आणि शेवटी: आता ही जमात संपल्यात जमा आहे, उरलेत ते उत्सवात पर्यटकांपुढे नाचण्यापुरते. यात खऱ्याखोट्याची सरमिसळ इतकी आहे की सगळंच ‘फेक’ म्हणून झटकता येत नाही. एकेक विधान तपासावं लागतं.

‘एक जमात’ हे पहिलंच चूक. दावाओच्या आखाताच्या पश्चिमेला, आपोच्या उतारांवर राहणाऱ्या निदान तीन समाजांना बाहेरच्यांनी हे नाव सरसकट लावलं. तागाबावा हे तोरिल, सांता क्रूझ, दिगोस, बान्सालान या पट्ट्यात. क्लाता, ज्यांना जुन्या लिखाणात गियांगान म्हटलंय, ते दावाओ शहराच्या कालिनान आणि बागियो भागांत. ओबो मानुवू त्यांच्याही वायव्येला, कोताबातो प्रांताच्या दिशेनं. पोशाखात आणि दातूंच्या, म्हणजे प्रमुखांच्या, व्यवस्थेत बरंच साम्य आहे. भाषेचं तसं नाही. तागाबावा ही मानोबो कुळातली भाषा, तर क्लाता ही तबोली आणि ब्लान या शेजारच्या समाजांच्या भाषांच्या बाजूची. दोघं भेटले की बहुधा सेबुआनो या तिथल्या व्यवहाराच्या भाषेत बोलतात. दावाओ शहर आपल्या कादायावान उत्सवात ज्या 11 समाजांची नावं घेतं, त्यांतही तागाबावा आणि क्लाता वेगवेगळे मोजले जातात.

‘जगापासून तुटलेले’ म्हणणाऱ्यांनी या लोकांच्या घरातल्या वस्तू तरी बघाव्यात. आगोंग, म्हणजे मधोमध उंचवटा असलेल्या, टांगून वाजवायच्या मोठ्या घंटा, किनाऱ्यावरच्या मुस्लिम व्यापाऱ्यांकडून डोंगरात येत. 1904 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात बागोबो माणसांना नेऊन चक्क ‘मांडलं’ होतं. त्याच सुमारास अमेरिकी आणि पाठोपाठ जपानी मळेवाल्यांनी दावाओच्या सखल जमिनीवर आबाकाची लागवड सुरू केली. आबाका म्हणजेच मनिला हेम्प, जहाजांच्या दोरखंडांचा कच्चा माल. ओहता क्योसाबुरो यांची कंपनी 1907 मधली. 1919 च्या जमीन कायद्यानं जपान्यांना सरकारी जमीन मिळणं अवघड झालं, तेव्हा बागोबोंशी खासगी करार करून, काहींनी बागोबो बायकांशी लग्न करून, मळे चालूच ठेवले. बागोबो डोंगरात वरवर सरकत गेले त्याचं मोठं कारण हे आहे. एकांताची आवड वगैरे काही नाही.

आता नरबळी. इथे दोन्ही बाजूंनी घसरगुंडी होते. मजकूर ‘देतात’ म्हणतो, त्याला उत्तर देणारे ‘वसाहतवाद्यांनी रचलेली कथा’ म्हणतात. प्रथा होती, आणि तिची नोंद नीट आहे. डिसेंबर 1907 मध्ये दिगोसजवळच्या तालुन गावात असा बळी दिला गेला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी जाऊन चौकशी केली, दातूनं आणि गावानं ते लपवलं नाही, आणि ती हकीकत अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ फे-कूपर कोल यांच्या 1913 च्या पुस्तकात छापलेली आहे. बळी होता तो एक लहान ब्लान मुलगा, बहिरा आणि तिरळा. हे सांगताना ‘शूर लढवय्ये’ वगैरे विशेषणं लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

तिथे बळीची वेळ बालातिक नावाच्या तारकासमूहावरून ठरे. मृग नक्षत्रात आपण ज्या तीन ताऱ्यांना बाण म्हणतो, तेच हे तारे. डिसेंबरच्या सुरुवातीला ते रात्री लवकर पूर्वेला दिसू लागतात. हा विधी होता मांदारांगान या लढवय्यांच्या दैवतासाठी. बाकी वर्षभर पूजेला लागे ते पान-सुपारी, भात, कोंबडी, डुक्कर. आजारपणं, पेरणी, बाळंतपण यांचे विधी माबालियान करत. बहुतेक वयस्क बायका, आणि पुष्कळदा विणकामातही तरबेज. मुख्य उत्सव गिनेम. तो चार दिवस चाले आणि त्यात उसाची दारू आणि आगोंग असे. वर्तमानकाळी क्रियापद लावून ‘नरबळी देतात’ लिहिणं म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आजच्या कॉफी पिकवणाऱ्या माणसाच्या माथी मारणं.

फोटोतल्या लाल कपड्यांचंही तसंच. तो काही सगळ्यांचा ‘पारंपरिक पोशाख’ नव्हता. कोल यांच्या नोंदीप्रमाणे दोन माणसं मारणाऱ्याला पांढऱ्या बांधणी-नक्षीचा चॉकलेटी रुमाल डोक्याला बांधता येई, चार मारल्यावर रक्तासारख्या लाल रंगाची विजार, सहा मारल्यावर पूर्ण लाल पोशाख आणि त्याच रंगाची पिशवी. अशा माणसाला मागानी म्हणत. फोटोखाली ‘नेहमीचा पेहराव’ लिहिलं की ही अख्खी व्यवस्था पुसली जाते.

सगळ्यात जास्त घोळ कापडाचा. ‘स्वप्नातली नक्षी’ ही गोष्ट शेजारच्या तबोलींची. लेक सेबू भागात त्यांचं तनालाक कापड होतं, आणि स्वप्नातून नक्षी मिळते ही श्रद्धा त्यांची आहे. बागोबोंचं कापड इनाबाल. त्यांच्यात विणकामाची दैवी गुरू बाइपांदी मानली जाते, पण नक्षी शिकायची ती आईकडून, मावशीकडून, जुना तुकडा समोर ठेवून. दोघींच्या कापडाचं मूळ तंत्र एकच असल्यामुळे पर्यटनवाल्यांनी गोष्टही एकीची दुसरीला चिकटवली.

‘केळीची साल’ हेही अर्धवट. आबाका केळीच्या कुळातला खरा, पण धागा निघतो तो खुंटाच्या आतल्या पापुद्र्यांतून. फुलवाला हार बांधायला जे सोपट वापरतो, तोच भाग. झाड दीड ते दोन वर्षांचं झालं की खुंट तोडतात, पापुद्रे सुटे करतात, पात्याखालून ओढून गर काढतात आणि उरलेले तंतू वाळवतात. बाहेरच्या पापुद्र्यांचा तंतू जाड, आतला बारीक, कापडाला आतला. सूतकताई नाहीच. तंतूच्या टोकाला टोक गाठ मारून जोडायचं आणि गाठीची शेपटी कापायची. गाठ फुगीर राहिली तर विणताना ती अडकते आणि धागा तुटतो. आबाका कोरड्या उन्हात ठिसूळ होतो, त्यामुळे भर दुपारी माग लावण्यात अर्थ नसतो.

नक्षी विणण्याआधीच ताण्यावर बांधली जाते. इकत म्हणतात ती हीच पद्धत. उभे धागे चौकटीवर ताणून, जिथे रंग नको तिथे मेण लावलेल्या दोऱ्यानं करकचून आवळायचं. मग किनारुम झाडाच्या काळ्या रंगात पुन्हा पुन्हा बुडवायचं. त्यानंतर जिथे लाल हवं तिथल्याच गाठी सोडायच्या आणि सिकारिगच्या मुळाचा लाल चढवायचा. शेवटपर्यंत बांधलेला भाग तंतूच्या मूळ पिवळट रंगाचा राहतो. क्रम उलटा केला तर लालावर काळा चढून लाल मरतो. आवळणी सैल पडली की रंग आत झिरपतो आणि नक्षीची कड फुटते. घाईनं काळा कमी वेळा दिला तर तो तपकिरीवर थांबतो.

माग कमरेचा. एक टोक घराच्या तुळईला, दुसरं विणणारीच्या पाठीमागच्या पट्ट्याला. ताण तिच्या अंगानं धरायचा, म्हणून कापडाचा पन्हा मर्यादितच राहतो. बसणं एका अंगाला कललं तर रंगवलेले धागे सरकतात आणि नक्षीतली मगर वाकडी होते. विणून झाल्यावर कापड धुऊन कुटायचं आणि लवचीक बांबूच्या टोकाला बांधलेल्या शिंपल्यानं घोटून चकाकी आणायची. नेसायच्या नळीसारख्या वस्त्रात तीन पट्टे जोडतात. मधल्या, मुख्य नक्षीच्या पट्ट्याला आई म्हणतात आणि बाजूच्यांना मुलं.

या कामाला किती वेळ लागतो हे सालिंता मोनोन यांच्यामुळे नोंदलं गेलंय. बान्सालानच्या बिताउगमधल्या या तागाबावा विणकरणीला 1998 मध्ये फिलिपिन्स सरकारनं लोककलावंतांचा सर्वोच्च सन्मान दिला. साडेतीन मीटर लांब, 42 सेंटिमीटर रुंद कापडाला त्यांना तीन ते चार महिने लागत. त्यांची आवडती आणि सगळ्यात कठीण नक्षी बिनुवाया, म्हणजे मगर. कापडावर नजर टाकून ते कुणाच्या हातचं हे त्या सांगत. 2009 मध्ये त्या गेल्या. विणकाम रोडावण्याचं कारण या आकड्यातच दडलंय: बाजारात गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि चार महिन्यांच्या मजुरीचा भाव कुणी देईना. ‘नव्या पिढीला रस नाही’ हे वाक्य सोयीचं, पण आधी भाव बघा. विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच: अस्सल तुकड्यात नक्षीची कड किंचित विस्कटलेली दिसते, नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच उमटते आणि उलट बाजूनं बोट फिरवलं की बारीक गाठी लागतात. छापील पॉलिएस्टरची कड धारदार आणि पाठ फिकी.

‘संपले’ हे शेवटचं विधान. बान्सालानच्या बालुताकाय भागात तागाबावा शेतकरी उंचावरची अराबिका कॉफी पिकवतात. मालागोसच्या गरुड केंद्राच्या आसपासच्या जंगलात ओबो मानुवू आणि क्लाता वनरक्षक फिलिपिनी गरुडाच्या घरट्यांवर लक्ष ठेवतात. आपोवरच्या भूऔष्णिक प्रकल्पाविरुद्ध नऊ समाजांच्या दातूंनी 1989 मध्ये द्यांदी नावाचा रक्ताचा करार केला होता. तरीही वीजनिर्मिती 1997 मध्ये सुरू झालीच. त्याच वर्षी आदिवासी हक्कांचा कायदा, रिपब्लिक ॲक्ट 8371, आला. वडिलोपार्जित क्षेत्राचा सामूहिक दाखला आणि प्रकल्पाआधी समाजाची पूर्वसंमती, ही त्यातली दोन हत्यारं. दुसरं बोथट होतं ते एकाच जागी: संमती कोण देतो? समाजानं न मानलेला ‘दातू’ उभा करून सही घेतल्याच्या तक्रारी मिंदानाओत जुन्याच आहेत.

आणि आपो चढायला जाणाऱ्यांसाठी. 2954 मीटरचा हा डोंगर संरक्षित क्षेत्र आहे, परवाना स्थानिक पालिकेकडून घ्यावा लागतो आणि वाटाडे, हमाल बहुधा याच गावांतले असतात. 2016 चा वणवा आणि 2019 चे भूकंप, दोन्ही वेळा वाटा बंद झाल्या होत्या. निघण्यापूर्वी वाट उघडी आहे का ते विचारा, आणि वाटाड्या तागाबावा, क्लाता की ओबो मानुवू हेही विचारा. तो तीन वेगळी उत्तरं समजावून सांगेल.