आधी मान आवरा

प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीतातले कानसेन व्हायचं ठरलंच असेल, तर आधी मान आवरा. ठेक्यावर मान डोलली की तुम्ही चारचौघांतले झालात. दर्दी माणूस कपाळाला आठ्या घालून बसतो आणि सम कुठे हरवली हे कुणाला विचारत नाही. शेफील्डच्या वॉर्प या रेकॉर्ड कंपनीच्या १९९२ मधल्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या संग्रहाच्या वेष्टनावर एक यंत्रमानव आरामखुर्चीत रेललेला आहे. तो आदर्श ठेवा.

मग नावं पाठ करा. आयडीएम, म्हणजे ‘इंटेलिजंट डान्स म्युझिक’. बाकीच्या तालावर नाचणारे बिनडोक, हे ओघानंच आलं. ज्याला या पंथाचा देव मानतात त्या एफेक्स ट्विननंच या नावाची टर उडवली होती आणि त्याच्या रेफ्लेक्स या रेकॉर्ड कंपनीनं त्याऐवजी ‘ब्रेनडान्स’ हा शब्द काढला. तुम्ही या दोन्हींतला सूक्ष्म फरक समजावून सांगत जा. चूक काढणारा अजून जन्मायचा आहे.

‘पण ऐकायला कसं वाटतं?’ असं कुणी भाबडेपणानं विचारलंच, तर लगेच ग्रॅन्युलर सिंथेसिसवर घसरा. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे कण पाडून ते पुन्हा कसे पेरतात, हे सांगेपर्यंत तो प्रश्न विसरतो. तरी नाहीच विसरला, तर ऑटेकर या ब्रिटिश जोडगोळीच्या २०१८ च्या ‘एनटीएस सेशन्स’चं नाव घ्या. सगळं मिळून ८ तासांचं काम. ‘सातव्या तासाला उलगडतं’ असं ठोकून द्या. पडताळायला कोण बसतंय?

एक गोष्ट मात्र चुकूनही काढू नका. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्या उधळण्याचे अधिकार पोलिसांना देणारा कायदा येऊ घातला होता आणि त्यात संगीताची ओळख चक्क ‘पुन्हापुन्हा येणारे ठोके’ अशी लिहिली होती. तेव्हा याच ऑटेकरनं ‘फ्लटर’ हे गाणं अशा बेतानं रचलं की त्यातली कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत. म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडायला नको! तबकडीच्या वेष्टनावर डीजेंना सल्लाही छापला: पोलिसांनी त्रास दिलाच तर ठोके पुन्हा येत नाहीत अशी ग्वाही द्यायला एक वकील आणि एक संगीतशास्त्रज्ञ कायम जवळ ठेवा. (वकिलाची फी कुणी द्यायची, ते छापलं नव्हतं.)

थोडक्यात, ज्या गुंतागुंतीसमोर आपण हाताची घडी घालून बसतो, ती त्या वेळी लोकांना नाचता यावं म्हणून घातलेली होती.

तेव्हा ‘फ्लटर’ लावाल तेव्हा दिवे मालवा. आणि पाय टेबलाखाली घ्या.