ऐरोलीच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्षी सहलीबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

सातारा–ऐरोली सहलीला एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, की बोट सव्वादोन तास उशिरा सुटली, रोहित लांबूनच दिसले, खाडीला गटाराचा वास येत होता आणि नावाडी उद्धट होता.

पहिली तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. गुरुवारच्या सहलीचा ‘बोट १२ वाजता’ हा मेसेज न बदलता तुमच्या रविवारच्या ग्रुपवर गेला. तुमच्या बोटीची वेळ मुळातच सव्वादोनची होती. बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी दिवसभर जागेवर असतं, माणसं जमली की लाँच निघते. खाडीचं तसं नाही. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात : द्वितीयेला दीड, पंचमीला पावणेचार. गुरुवारी द्वितीया होती, रविवारी पंचमी, आणि दोन्ही दिवशी बोट पूर्ण भरतीच्या दीड तास आधीची. हिशेब मला पाठ आहे, तरी तुम्ही वयस्कर आईंना घेऊन उन्हात बसून राहिलात. फार वाईट वाटलं. त्या दिवशी बाहेर केलेल्या जेवणाचे सगळे पैसे या आठवड्यात तुमच्या खात्यावर जमा करतो. यापुढे प्रत्येक ग्रुपला तिथी आणि भरतीची वेळ आदल्या दिवशी पुन्हा कळवू.

वासाचं म्हणाल तर शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, ते मी नाकारत नाही. पण कुजक्या अंड्यासारखा जो वास आला तो बराचसा खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलाचा. तिथे हवा पोचत नाही, पानं आत कुजतात आणि तो वायू सुटतो. म्हणून तर तिवरं, ही खारफुटीची झाडं, चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर काढून श्वास घेतात. जेट्टीजवळ तुमच्या मुलाने तिवराचं पान उलटं करून चाटलं आणि ‘मीठ!’ म्हणून ओरडला, आठवतंय? झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. तुमच्या रिव्ह्यूत हे यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटलं.

नावाड्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. तुम्ही ‘अजून जवळ घ्या’ म्हणालात, त्याने इंजिन बंद केलं आणि मान हलवली. मी त्याच बोटीत होतो. पाणी चढत होतं, चिखलाची पट्टी अरुंद होत चालली होती आणि रोहित मान खाली, चोच उलटी करून शेवाळ गाळत होते. ती पट्टी बुडाली की त्यांना उठावंच लागतं. खायला मिळतात ते तेवढेच तास. बोट अंगावर गेली तर अख्खा थवा उडतो, आणि कडेला बोट चिखलात रुतण्याची भीती वेगळीच. २०१५ साली ठाणे खाडीचं हे रोहित अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. तिथे अंतर राखणं हे नावाड्याचं कामच आहे. आपल्याकडे येरळवाडीच्या तलावावर रोहित उतरतात तेव्हाही मी लोकांना काठावरच थांबवतो.

चूक माझ्या ऑफिसची, बोल त्याला लागला. ‘उद्धट’ हा शब्द तेवढा काढा, ही विनंती. एक तारा तसाच राहिला तरी माझी हरकत नाही.