५५ पाउंड म्हणजे किती घोडे?

मामाला होडीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा आवाज सहन होईना. डॉक्टरांनी कानाला मशीन सांगितलं, मामाने ठरवलं कानापेक्षा होडीचंच मशीन बदलू. तर दिवाळे गावातल्या त्याच्या छोट्या फायबर होडीसाठी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू आणि गुपचूप चालवणारी बॅटरीवरची मोटर, शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण भाचा बेलापूरला फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याच्याकडे वायफाय आहे, एवढीच पात्रता.

मामाचा पहिला प्रश्न, किती घोड्यांची? आता ह्या मोटरी थ्रस्टच्या, म्हणजे ढकलायच्या जोराच्या, पाउंडात मिळतात, ३०, ४५, ५५. मी म्हटलं ५५ वाली फुल स्पीडला १२ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर खाते, म्हणजे ६०० वॅट, आणि एक घोडा ७४६ वॅटचा. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे एकच घोडा, तो पण लंगडा?"

मग वजन. होडी, माणसं, जाळी, बर्फ सगळं धरून दर ५० किलोला निदान १ किलो थ्रस्ट असा हिशोब सांगतात. मामा मामीला धरायला तयार नाही, ती कुठे येते म्हणे, आणि मामी म्हणते आवाज नसेल तर मी का नाही येणार, फ्लेमिंगो बघीन. त्यामुळे होडीचं वजन रोज बदलतंय. शेवटी मामीसकट ५०० किलो धरलं, म्हणजे १० किलो, पाउंडात २२. ३० वालीत भागलं असतं, पण हे शांत तळ्यातलं गणित, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीची ओहोटी ओढायला लागली की गणित बुडतं, म्हणून ५५. पाउंड वाढले म्हणून होडी पळत नाही, चालत्या माणसापेक्षा जरा जास्त, वाऱ्या-पाण्याशी झगडायला बळ मिळतं इतकंच, पण हे मामाला सांगायचं धाडस अजून केलेलं नाही.

खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्यायची, तिला झिंकचा तुकडा असतो, गंज आधी त्याला खातो. तरी रोज गोड्या पाण्याने धुवायची. मामी लगेच म्हणाली, नळाला पाणी कधी येतं ते मोटरीला सांगून ठेवा.

मोटर ठरली पण खरा खर्च बॅटरीचा. कोणी म्हणालं गाडीची लाव, ती स्टार्टरला दणका द्यायला असते, खोलवर उतरवली की लवकर मरते. कोणी म्हणालं घरातली इन्व्हर्टरची उचल, ती उचलायला दोन माणसं लागतात आणि मग त्या दोघांचंपण वजन धरावं लागेल. १०० अँपिअर-अवरची डीप सायकल, म्हणजे खोलवर उतरवायला बनवलेली, लेड-अ‍ॅसिड अर्धीच वापरायची, फुल स्पीडला तास गेला की खेळ खलास. लिथियम निम्म्याहून हलकी, पण किंमत ऐकून मामा म्हणाला वल्ही होडीतच राहू दे. ती तशीही राहू द्यायचीच असतात.

आता चार्जिंग. दिवाळ्यात मामाकडे जागा नाही म्हणून मी आमच्या पार्किंगमधला पॉइंट मागितला, सेक्रेटरींनी ईव्हीचा फॉर्म दिला, त्यात गाडीचा नंबर कंपल्सरी. मी म्हटलं गाडी नाही, होडी आहे. ते म्हणाले होडीला पार्किंग अलॉट नाही, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. मामा येणार आहे मीटिंगला, घोड्यांचा मुद्दा त्याला तिथे पण काढायचाय.